सहाशे काय?

३ फेब्रुवारी

मापट्या,

नवव्या मजल्यावरून आशीर्वाद टाकतोय, झेलून घे.

तुझं पत्र मिळालं. मी फोन का घेत नाही हे विचारण्यात तू अर्धं पान खर्ची घातलंस. अगं, तीस वर्षं लिफ्टच्या मशीनरूममध्ये काढलेल्या माणसाच्या कानात आता फक्त मोटर फिरते. फोनवर तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही, मी आपला 'हो हो' करतो, आणि मी कशाकशाला हो म्हटलं ते मला आठवड्याने कळतं. मागे असंच हो म्हटलं तर तुझ्या आईने मला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दुखत होता गुडघा. तेव्हा पत्रच बरं.

इकडची बातमी म्हणजे आमच्या लिफ्टला नवं पॅनेल बसलं. जुन्याची तार न् तार मला ठाऊक होती. नव्याला वर चकचकीत काच, काचेवर निळा त्रिकोण, आणि आत काय विचारलं तर मेकॅनिक म्हणतो, "आत सॉफ्टवेअर आहे, काका." मी म्हटलं, "ते मऊ असतं ना? मग दार कशाने ओढणार?" तो हसला. मी खरंच विचारत होतो.

पण लिफ्ट आहे म्हणून मी आहे. तीन पायऱ्या उतरलो की चौथीला गुडघे माफी मागतात. रोज अकराच्या सुमाराला खाली जातो, फाटकाजवळच्या बाकावर बसतो, येणारी-जाणारी माणसं बघतो, साडेबाराला वर येतो. तुझी मामी गेल्यापासून माझं एवढंच जग उरलंय, पण आहे.

आता तू सांग, दिवसभर करतेस काय? तुझी आई चारचौघांत सांगते, "ती कॉम्प्युटरला चुका करायला लावते." हे काही मला पटत नाही. चुका काही त्यांना शिकवाव्या लागत नसतील.

मामा

९ फेब्रुवारी

मामा,

खालून नमस्कार. वर पोचायला तीन दिवस लागतील.

आईला सांगा, मी चुका करायला लावत नाही, झालेल्या पकडते. त्यासाठी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिते, त्यांना टेस्ट म्हणतात. टेस्ट म्हणजे अजिबात न कंटाळणारं गिऱ्हाईक समजा. ती बटण दाबते आणि थांबते. हवं ते झालं तर हिरवा शेरा, नाही झालं तर लाल. आता किती वेळ थांबायचं हे तिला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर बिचारी जन्मभर उभी राहील. त्या मुदतीला आम्ही टाइमआउट म्हणतो. लोक नोकरीत पुढे जातात, मी किती थांबायचं ते ठरवते.

एक गंमत सांगते. कधीकधी एखादी टेस्ट उगीचच लाल होते. वीस वेळा चालवली तर एकदा. कारण शोधायला कुणाला वेळ नसतो, मग सगळे काय करतात, मुदत वाढवतात. तीसची साठ, साठची नव्वद. शेरा पुन्हा हिरवा, सगळे चहाला मोकळे. आमच्याकडे एका टेस्टमध्ये असं करत करत आकडा सहाशेवर गेलाय. फाइलमध्ये नुसतं ६०० लिहिलंय, पुढे काही नाही. परवा शेजारच्या टेबलावरच्याला वाटलं, सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले सहाशे. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या जरा वर. "काय झकास चालतंय," म्हणाला. प्रत्यक्षात ते सहाशे सेकंद आहेत, दहा मिनिटं. मी चहाला निघून गेले.

आणखी एक. मामा, थोडे दिवस खाली जाऊ नका. हवा बरी नाही, सगळीकडे खोकला आहे. सामान आई आणून देईल, तिला मी सांगितलंय. बाक काही पळून जात नाही.

तुमचं मापटं

१४ फेब्रुवारी

मापट्या,

आधी भांडण, मग कौतुक.

हवेचं कारण मला सांगू नकोस. हवा मी रोज खातो, ठणठणीत आहे. तुझ्या आईने मागची खोली झाडून, पलंग टाकून ठेवलाय हे मला माहीत आहे. दोन गल्ल्या पलीकडेच राहते, माझ्यापासून काय लपणार. आधी म्हणायचं खाली जाऊ नका, मग म्हणायचं एकटे वर बसून करता काय, मग उचलून त्या खोलीत नेऊन ठेवायचं. तुम्ही मायलेकी मिळून मला अडगळीत टाकायला निघालात. ती एक मेली जन्मापासून माझ्यावर हुकूम सोडते, ती माझी ताई आहे, चालायचंच. पण तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. म्हणून आजपासून मी दोनदा खाली जाणार, सकाळी आणि संध्याकाळी. कर काय करायचं ते.

आता ते सहाशे. मी नवशिका होतो तेव्हा आमच्या वस्तादांच्या वहीत नोंद करावी लागे. एकदा मी लिहिलं, 'दार २० ने बंद होते.' वस्तादांनी वही माझ्या अंगावर फेकली. म्हणाले, "वीस काय? वांगी?" पुढचा माणूस ते वाचून मिनिटं समजला तर दार दुरुस्त करणार, सेकंद समजला तर तसंच सोडणार, आणि दोघांनाही वाटणार आपण बरोबर. तेव्हापासून मी आकड्याला कधी एकटं सोडलं नाही. तुझ्या ऑफिसातल्या त्या शहाण्याला माझ्याकडून विचार, सहाशे काय?

आणि एक मला कळलं नाही. टेस्ट वीसात एकदा लाल होत होती ना? मग ती काहीतरी सांगत होती. तुम्ही तिला जास्त वेळ थांबायला लावून गप्प केलंत. असं कोण करतं?

कौतुक पुढच्या वेळी. जागा संपली.

मामा

१८ फेब्रुवारी

मामा,

असं मी करते. ते ६०० मी लिहिलंय.

सरळ सांगते, नाहीतर पुन्हा हवेवर घसरेन. तुमच्या पॅनेलवरचा निळा त्रिकोण आमच्या कंपनीचा आहे. लिफ्ट अडकली आणि आतल्या माणसाने घंटेचं बटण दाबलं की पॅनेलने मदतकेंद्राला फोन लावायचा. तीस सेकंदांत लागला पाहिजे. माझी टेस्ट तेवढंच बघते: बटण दाबते, तीस सेकंद थांबते, फोन लागला का ते पाहते. तीन वर्षांपूर्वी ती अधूनमधून लाल व्हायला लागली. मी साठ केले. मग नव्वद. मग दोनशे. एका शुक्रवारी सगळे खोळंबले होते, मी सहाशे टाकले आणि घरी गेले. त्यानंतर ती कधीच लाल झाली नाही. मी विसरूनही गेले.

तुमच्या पत्रात निळा त्रिकोण वाचला आणि मला ते सहाशे आठवले. जुनी मुदत घालून टेस्ट पुन्हा चालवून बघितली. दार उघडायची खटपट करत असतानाच घंटेचं बटण दाबलं गेलं तर पॅनेल दारातच गुंतून पडतं आणि फोन आठ मिनिटांनी लागतो. टीमलीडला दाखवलं. तो म्हणाला, "आठ मिनिटांत माणूस मरत नाही. तीन वर्षांत एक तक्रार आहे का? आणि आकडा तूच घातलास ना? मग आता शंका काढणारी तू कोण?" तो वाईट माणूस नाही, त्यालाही वर कुणीतरी धरलंय.

२८ तारखेला हेच सॉफ्टवेअर आणखी तीनशे इमारतींत जाणार. त्याआधी सगळ्या टेस्ट हिरव्या असल्याच्या कागदावर माझी सही लागते. सही केली तर तीनशे पॅनेलं. नाही केली आणि सगळं बाहेर आलं तर आज चालू असलेल्या एकशे चाळीस लिफ्ट बंद करतील, त्यात तुमचीही. म्हणजे मी गप्प बसले तर तुम्ही त्या डब्यात, बोलले तर नवव्या मजल्यावर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेल्या. आमच्या ऑफिसचं दार कार्डाने उघडतं. कार्ड माझ्याच गळ्यात असतं, तरी दिवसभर मला कुणीतरी कोंडून घातल्यासारखं वाटतं.

मागच्या खोलीशी याचा काही संबंध नाही. तिथे आई शिवणयंत्र ठेवणार आहे. तुम्हाला खरं सांगायचं धाडस झालं नाही म्हणून खोकल्याचं नाव पुढे केलं. आता तरी लिफ्टमध्ये पाय ठेवू नका. हात जोडते.

मापटं

२४ फेब्रुवारी

मामा,

माझं पत्र तुम्हाला तीन दिवसांपूर्वीच मिळालं असणार. उत्तर नाही. एरवी तुम्ही पत्र वाचता वाचताच उत्तर लिहायला घेता.

आईला रोज फोन करते. ती म्हणते, "बरा आहे, झोपलाय." भरदुपारी तुम्ही झोपलात असं मी जन्मात ऐकलेलं नाही. आई खोटं बोलताना फार थोडं बोलते. मी निघून आले असते, पण इथे २८पर्यंत कुणालाच रजा नाही. रागावला असाल तर रागाचं लिहा, पण लिहा.

मापटं

२५ फेब्रुवारी

मापट्या,

तू रोज फोन करतेस हे तुझ्या आईने सांगितलं. तिला बोलू नकोस, मीच तिला गप्प बसवलं होतं. हात कापत होता, अक्षर बघून तू घाबरली असतीस. आजही बघ, बेडकाने शाईतून उडी मारल्यासारखं आलंय.

तुझं कबुलीचं पत्र २१ला आलं. मी १९ला अडकलो.

तुझ्यावर चिडून मी रोज दोनदा खाली जात होतो, हे आधी कबूल करतो. त्या दिवशी जरा लवकर निघालो. चौथ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये डबा थांबला. माझ्या खिशात वही असते आणि मनगटावर चावीचं घड्याळ. भीती वाटली की मी नोंद करतो, जुनी खोड आहे. ती इथे उतरवतो.

१० वाजून ५२ मिनिटं २० सेकंद: डबा थांबला. दार उघडायला बघतंय, उघडत नाही, पुन्हा बघतंय.

१० वाजून ५३ मिनिटं: घंटेचं बटण दाबलं. 'फोन लागला' असा पिवळा दिवा आहे, तो लागला नाही.

१० वाजून ५४ मिनिटं: पुन्हा दाबलं. दिवा नाही.

यापुढे प्रत्येक मिनिटाला एकेक ओळ आहे, सगळ्या सारख्या, त्या मूळ पानावर बघ, पान सोबत जोडलंय. ११ वाजून १७ मिनिटांपर्यंत मी पंचवीस वेळा बटण दाबलं. पंचवीस वेळा दिवा नाही.

मध्ये ओरडलोही. बाहेरून कुणी ओ दिली असेल तर मला ऐकू येणार कशी? कदाचित माणसं दाराशी उभी राहून धीर देत असतील, कदाचित चिटपाखरूही नसेल, मला दोन्ही सारखंच. मापट्या, मी जन्मभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढलं. बाहेर आल्यावर ती रडायची, आणि मी मनात म्हणायचो, अर्ध्या तासात काय एवढं रडायचं. मी रडलो. खाली बसलो, पाय पोटाशी घेता येईनात म्हणून ते तसेच पसरले आणि रडलो. तुझ्या मामीला हाका मारल्या. हे तुझ्या आईला सांगू नकोस.

११ वाजून १७ मिनिटांनंतर बोटात बळ राहिलं नाही. बटण सोडून दिलं.

११ वाजून २५ मिनिटं १० सेकंद: पिवळा दिवा लागला. मी हात लावला नव्हता.

११ वाजून ४६ मिनिटं: मेकॅनिकने दार ओढलं.

एकूण ५३ मिनिटं ४० सेकंद.

नंतर तुझं पत्र आलं, त्यात तू म्हणतेस फोन आठ मिनिटांनी लागतो. मग माझा बत्तीस मिनिटं का लागला नाही, हे मी चार दिवस डोक्यात घोळवतोय. शेवटचं बटण दाबल्यापासून दिवा लागेपर्यंतचा वेळ मोज. ८ मिनिटं १० सेकंद. मला वाटतं दर वेळी बटण दाबलं की तुमचं ते मऊ सामान पहिल्यापासून थांबायला सुरुवात करतं. तुझी टेस्ट एकदा दाबते आणि शहाण्यासारखी थांबते. अडकलेला माणूस एकदा दाबून थांबत नसतो गं. तो दाबतच राहतो. तुम्हाला तक्रार आली नाही, कारण सुटलेला माणूस घरी जाऊन पाणी पितो, तो कंपनीला पत्र लिहीत नाही.

तुझ्यावर राग आहे का विचारशील. होता. मग माझीच एक जुनी वही आठवली. वस्तादांनी फेकलेली. ती फेकली तेव्हा उशीर झाला होता, माझे 'वीस' वाचून एकाने दार तसंच सोडलं होतं आणि एका बाईचा हात गेला होता. मी आजवर ही गोष्ट सांगताना वांग्यापाशी थांबत आलोय.

नोंद तुझ्या माणसाला दाखव. सहीचं तुझं तू ठरव.

मामा

१ मार्च

मामा,

पान मिळालं त्याच दिवशी टेस्ट बदलली. दार अडकवलं, बटण दर मिनिटाला दाबायला लावलं, पंचवीस वेळा. सहाशे सेकंदांची मुदत तशीच ठेवून वीसदा चालवली. वीसदा लाल. तुम्ही म्हणालात तसंच आहे. पॅनेल प्रत्येक नव्या दाबण्याला रांगेच्या शेवटी नेऊन उभं करतं आणि जुनं विसरतं. म्हणजे जितका घाबरलेला माणूस, तितका त्याचा फोन लांब.

टीमलीडला आधी लाल शेरे दाखवले. तो म्हणाला, "पंचवीस वेळा कोण दाबतं?" मग मी तुमचं पान पुढे ठेवलं. तो एकेक ओळ वाचत गेला, मध्येच बोट ठेवून कितवी ओळ ते मोजलं. म्हणाला, "हे कोण?" मी म्हटलं, "माझा मामा. ऐकू येत नाही त्यांना." त्याने पान परत माझ्याकडे सरकवलं. नंतर म्हणाला, "आजचं होऊन जाऊ दे, मग हे काढू." मी म्हटलं, माझी सही नाही होणार. एवढं एकच वाक्य, पण बोलताना माझा आवाज इतका फाटला की अख्खा मजला वळून बघायला लागला. शेवटी तोच माझ्याबरोबर वरच्या साहेबांकडे आला. ६०० कुणी घातलं हे त्यांनी विचारलं, मी हात वर केला.

तीनशे इमारतींचं थांबलं. आणि मामा, चालू असलेल्या एकशे चाळीस लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत बंद करायचं ठरलं. तुमचीही. तुम्ही दिलेल्या कागदावरूनच मी तुम्हाला वर कोंडलं. फाटकाजवळचा बाक मी काढून घेतला. हे लिहिताना मला फार रडू येतंय.

सगळे सांगतील, लवकरच चालू होईल. मी तसं सांगणार नाही, तुम्ही विचाराल लवकर म्हणजे काय. साठ दिवस. मी स्वतः मोजून सांगितलेत आणि ते साठ मला कमी करायचे आहेत. फाइलमध्ये सहाशे खोडून आता 'तीस सेकंद' लिहिलंय, सेकंद हा शब्द अक्षरात. टेस्ट लाल आहे आणि खरी हिरवी होईपर्यंत मी ती तशीच ठेवणार.

आता रजा मिळेल, द्यायला सगळे अगदी उत्सुक आहेत. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने निघते, साडेचार तास. जिन्याने वर येईन.

मापटं

५ मार्च

मापट्या,

काल पाटी लागली. 'लिफ्ट काही काळ बंद राहील.' सोसायटीचा सेक्रेटरी सही घ्यायला धापा टाकत वर आला होता. मी विचारलं, "काही काळ म्हणजे काय? वांगी?" त्याला कळलं नाही. मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय, साठ दिवस, आणि रोज एक खोडतो. दोन गेले.

मला वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू. अकरा वाजले की पाय आपोआप दाराकडे जातात. खिडकीतून बाक दिसतो, त्यावर काल कुणी तिसराच बसला होता, मला त्याचा विनाकारण राग आला. तुझी आई आता सगळे जिने चढून येते आणि वर आल्यावर मला शिव्या द्यायला तिच्यात दम उरत नाही, एवढाच काय तो फायदा. पण त्या डब्यात दुसरं कुणी बसलं नाही, हे रोज अकराला मी स्वतःला सांगतो. आणि तू साहेबांपुढे हात वर केलास. मी वस्तादांपुढे केला नव्हता, त्यांनी अक्षरावरून ओळखलं होतं. मागच्या वेळचं राहिलेलं कौतुक हे समज.

रविवारचं नीट ऐक. एकशे बासष्ट पायऱ्या आहेत, मजल्याला अठरा. पाचव्यावर दम खा, तिथे कठडा रुंद आहे. खाली फाटकापाशी माझ्या नावाचं बटण आहे, ते दाबलंस की इथे घंटा वाजत नाही, खोलीत दिवा लागतो. दिवा लागला की मी घड्याळ बघणार आणि दार उघडून उभा राहणार. तुला पंधरा मिनिटं दिलीत. मिनिटं. सोळाव्याला मी जिना उतरायला लागेन, गुडघ्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

आणि बटण एकदाच दाब. पुन्हा पुन्हा दाबू नकोस. मला पहिल्यांदाच दिसलेलं असेल.

मामा